करंगळी टेकवायची जागा

गेल्या आठवड्यात पनवेलला मावसभावाने मला इंटरनेट दाखवलं. दाखवलं म्हणजे काय, एका काळोख्या गाळ्यात चार कॉम्प्युटर, फोनच्या तारेतून कुकरची शिट्टी झाल्यासारखा आवाज, आणि पान उघडायला इतका वेळ की मी मधल्या मधे खाली जाऊन वडापाव खाऊन आले. आले तर पान अर्धंच उघडलेलं. कसल्याशा कातडीच्या आजाराबद्दल कोणीतरी परदेशात बसून लिहिलं होतं आणि त्याच्या खाली लोकांनी आपापलं म्हणणं टाकलं होतं. एकाने कसलं तरी तेल लावा म्हणून सांगितलेलं. एकाने त्याला शिव्या घातलेल्या. एकाने देवाचं नाव काढलेलं. एक बाई मराठीतच बोलत होत्या, पण इंग्रजी अक्षरांत, म्हणजे वाचताना जीभ अडखळत होती. त्यांनी एवढंच विचारलं होतं की माझ्या बहिणीला असंच आहे, कोणाला दाखवू. आणि त्याच्या खाली चारजणांनी त्यांना नीट उत्तर दिलं होतं.

मी म्हटलं, अरे, हा तर तात्यांचा फळा.

"कुठला फळा?" मावसभाऊ म्हणाला.

आता ह्याला कुठून सांगायचं? तेव्हापासून हे डोक्यात टाइप होतंय. माझी बोटं तशीही फार वेळ गप्प बसत नाहीत.

त्यातून आषाढ लागलाय. पेणच्या स्टँडवर उतरलं की तो नाकाला कळतो. ओला रंग, ओलं प्लास्टर, ओला पेंढा. गल्लीगल्लीत दारं उघडी, आणि दारांतून रांगेने बसलेले गणपती बघतायत. बघतायत म्हणजे अजून बघत नाहीत. डोळे शेवटी येतात. आषाढात पेणमधून चालताना आपल्याकडे सगळ्यांचं तोंड असतं आणि नजर कोणाचीच नसते. मला ह्या दिवसांत चालताना अजून वाटतं की कुठल्यातरी दारातून हाक येईल, "छाये, हिकडं ये गो, जरा हा पाट फिरव." येत नाही. पण मान वळतेच.

माझं घर वरशाला, म्हणजे रोह्याला अगदी चिकटून. रोह्याच्या माणसाला कारखाना म्हटलं की भोंगा आठवतो, शिफ्ट आठवते. पेणला कारखाना म्हणजे गणपतीचा. बारावी झाल्यावर मी पेणला मामाकडे राहायला आले ती टायपिंगच्या क्लाससाठी. मामाच्या घरामागे पत्र्याची शेड होती, तोच त्याचा कारखाना. सकाळी क्लास, दुपारी तात्यांच्या साप्ताहिकात टाइप करून देणं, आणि बाकीचा वेळ शेडमध्ये. मला कोणी बोलावलं नव्हतं. पण मला घरात बसवत नसे.

त्या शेडमधलं सगळ्यात आधी काय आठवतं, तर पांढरा रंग. साच्यातून काढलेली मूर्ती घासून गुळगुळीत करायची, तिची धूळ. ती केसांत, भुवयांवर, चहात. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत पांढरे. धुतले तरी जायचं नाही सगळं, एखादा डाग राहायचाच, आणि उद्या परत तेच म्हणून कोणी घासतही बसायचं नाही. त्या मोसमात आमच्यापैकी कोणाला कोणी खऱ्या रंगात बघितलंच नव्हतं.

"माजा तर इचारूच नको," सुलभाताई म्हणायची. "आधी मिठानं पांढरी, मंग पलास्टरनं. माजा रंग कंचा, मनाच ठाव नाय."

सुलभाताई खाडीकडच्या गावातली. घरचे सगळे मिठागरावर. पावसाळ्याच्या तोंडावर मिठागर बंद झालं की ती मामाच्या शेडमध्ये यायची, ती थेट गणपती जाईपर्यंत. तिशीच्या आसपासची, सडपातळ, दोन दातांमध्ये फट, त्या फटीतून शीळ घालायची. आणि ती डोळे आखायची. शेडमध्ये बाकी सगळं कोणीही करू शकत होतं, डोळे फक्त ती. पेणमध्ये डोळे आखणाऱ्याला मान वेगळा. तो आला की बाकीचे जरा सरकून बसतात.

तिचं काम बघत बसायला मला किती आवडायचं. डावा हात मुकुटाच्या मागे. उजव्या हातात बारीक कुंचला. आणि उजव्या हाताची करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवलेली. ती टेकली की हात हलत नाही. मग श्वास धरायचा, भुवईची रेघ एका दमात ओढायची आणि श्वास सोडायचा. एकदा मी विचारलं, गालाचा रंग ओला असला तर? ती हसली. पावसाळ्यात रंग वरून वाळलेला दिसतो आणि आतून चिकट असतो. "ता डोल्याना नाय कलत," ती म्हणाली, "करंगलीला कलते. जिथं चिकाट लागंल तिथून ती आपनच सरकते." मला करंगळी लावायला दिली. मला काहीच कळलं नाही. मी म्हटलं, वाळलाय. तिने बोट काढून दाखवलं, माझा ठसा उमटला होता.

"झाला. हा गनपती तुजा," ती म्हणाली, आणि मामा यायच्या आत रंगाचा हात मारून दिला.

म्हणून त्या मोसमात गालांवर बोटं उमटायला लागली तेव्हा तिचं नाव कोणाच्या डोक्यातच आलं नाही. तिच्याही नाही.

वाटाण्याएवढा खळगा असायचा, एकाच गालावर. आज एका मूर्तीवर, उद्या दोन. मामा उखडला. आधी उंदरांवर आळ घेतला, मग मांजरावर, मग माझ्यावर. मी कबूल केलं नाही कारण मी केलंच नव्हतं. मग एक दिवस त्याने सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि एकेकाला त्या खळग्यात बोट घालायला लावलं. घासकाम करणारा नारायण म्हणाला, "मालक, माझी करंगळी बसली. पण तुमची पण बसते." मामाने घालून बघितली. बसली. सगळे हसले. सुलभाताई सगळ्यात जास्त हसली. तिने पण बोट घातलं होतं. बसलं होतं.

आता तात्यांचा फळा.

तात्यांचं साप्ताहिक होतं, म्हणजे अजून आहे, मी तिथेच बसून हे टाइप करतेय, आता टाइपरायटर नाही, कॉम्प्युटर आहे. ऑफिस स्टँडजवळ, माडीवर. खाली भिंतीवर मोठा काळा फळा. तात्या रोज सकाळी आंघोळ करून, पांढऱ्या टोपीत, स्टुलावर चढून त्याच्यावर बातम्या लिहायचे. कोणाच्या गावात पाणी आलं नाही, कोणाची पोरगी तालुक्यात पहिली, कुठली गाडी रद्द. आणि फळ्याचा खालचा भाग ते मोकळा ठेवायचे. आडवी रेघ मारायचे आणि सुतळीला बांधून एक खडू लोंबकळत ठेवायचे. रेघेच्या वर तात्यांचं, रेघेच्या खाली लोकांचं. एसटीची वाट बघणारा माणूस काय करणार? लिहिणारच. तात्यांचा नियम एकच, संध्याकाळी सगळं पुसायचं, त्याच्याआधी खालचं काही पुसायचं नाही. आईबहिणीवरून लिहिलं असेल तेवढं सोडून.

आणि अक्षर ओळखू यायचं. हे मी त्या इंटरनेटवाल्या मावसभावाला सांगत होते, त्याला कळलंच नाही. खाली नाव कोणी लिहायचं नाही, पण अख्ख्या गावाला माहीत असायचं की हा तिरका 'र' मेडिकलवाल्याचा आणि हे फुगलेलं अक्षर शाळेतल्या बाईंचं. भांडणारा माणूस संध्याकाळी त्याच टपरीवर चहा प्यायचा, त्यामुळे किती भांडायचं ह्याला आपोआप हद्द असायची.

त्या आषाढात एक सरकारी माणूस सायकलवरून तात्यांकडे आला. कुष्ठरोगाचं काम बघायचा. चिखल उडून पँट गुडघ्यापर्यंत रंगलेली. तो म्हणाला, तात्या, काहीतरी छापा. औषध आहे, फुकट आहे, पण लोक आमच्याकडे येतात तेव्हा बोटं वाकलेली असतात. चट्टा दुखत नाही ना, म्हणून कोणी येत नाही. दुखलं असतं तर आले असते.

तात्यांनी छापलं. मीच टाइप केलं. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात. पुढच्या बाजाराला मी भजी घेतली ती नेमकी त्याच कागदात बांधून मिळाली. मी तो तेलकट तुकडा तात्यांसमोर नेऊन ठेवला.

तात्यांनी चष्मा वर केला. "छाये, पेपर लोक घडी करायला घेतात. वाचतात फळा." आणि दुसऱ्या दिवशी बाकी सगळ्या बातम्या बाजूला ठेवून त्यांनी फळाभर मोठ्या अक्षरात लिहिलं: अंगावर फिका चट्टा आहे? तिथे स्पर्श कळत नाही? हा कुष्ठरोग असू शकतो. लपवू नका. लवकर गेलात तर पूर्ण बरा होतो. सरकारी दवाखान्यात औषध मोफत.

खालची रेघ त्या दिवशी दुपारपर्यंत भरली. मला अजून पाठ आहे.

'तात्या, आधी तुमच्या टकलावरचा चट्टा दाखवा.'

'हा रोग पूर्वजन्मीच्या पापाने होतो.'

त्याच्या खाली, 'मग सर्दी कुठल्या जन्माची?'

'रक्तपिती म्हणतात याला. आमच्या गावात एकाला होती, त्याला वेशीबाहेर ठेवला.'

'ठेवला म्हणून मेला. औषध दिलं असतं तर जगला असता.' हे शाळेतल्या बाईंचं.

'कडुनिंबाने जातो.' 'तुमच्या कडुनिंबाने तुमची खाज गेली का?'

आणि अगदी तळाला, कोपऱ्यात, दबलेल्या बारीक अक्षरात, 'कळत नाही म्हणजे टोचून बघायचं की कसं?' हे अक्षर कोणाचं ते कोणालाच ओळखता आलं नाही. तात्यांनी त्याच्याखाली उत्तर लिहिलं: डोळे मिटा, दुसऱ्याला कापूस लावायला सांगा, कुठे लावला ते बोटाने दाखवा.

मी धावत शेडमध्ये जाऊन सगळं सगळ्यांना वाचून दाखवलं. मला बातमी पोटात ठेवताच येत नाही. नारायण म्हणाला, चट्टा कोणाला कळणार हितं, आपण सगळेच चट्टे. सगळे हसले, पांढरे हात एकमेकांना दाखवले. सुलभाताई मूर्तीच्या तोंडाशी तोंड नेऊन भुवई ओढत होती. ती हसली नाही. मला वाटलं, श्वास धरलाय.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने मला नळाकडे बोलावलं. ती उजवा हात धूत होती. धूत म्हणजे काथ्याने घासत होती, कोपरापासून. धूळ गेली, रंग गेला. हाताच्या करंगळीकडच्या बाजूला, मनगटाच्या वर, एक लांबट जागा फिकीच राहिली. ती घासतच होती. मी म्हटलं, अगं, सोलशील.

"छाये," ती म्हणाली, "मी डोले मिटतय. तू ह्या कोरड्या कुंचल्याचे केस लाव. कुठं लावलास ता मी सांगतय."

शेडच्या मागे केळीखाली आम्ही बसलो. पागोळ्या गळत होत्या. तिने डोळे मिटले. मी कोपरावर कुंचला लावला, तिने लगेच बोट ठेवलं. अंगठ्यावर लावला, तिने हसून बोट ठेवलं. तळहातावर लावला, गुदगुल्या झाल्या तिला. मग मी करंगळीच्या टोकाला लावला.

ती वाट बघत बसली.

"लाव ना गो," ती म्हणाली.

मी लावलेलाच होता. मी तो फिरवत होते. तिच्या मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या, तोंड थोडं उघडं, जशी भुवई ओढायच्या आधी असते तशी.

"लावलाय," मी म्हटलं.

तिने डोळे उघडून बघितलं. मग म्हणाली, "म्हंजे गालावरचा उंदीर मीच."

हे वाक्य ती हसतच बोलली, आणि मग पदर तोंडात धरला.

पेणच्या दवाखान्यात ती जायला तयार होईना. तिथे केसपेपर काढणारा तिच्या गावचा. म्हणून आम्ही रोह्याला गेलो. मामाला सांगितलं, सुलभाताईला आमच्याकडे वरशाला जेवायला नेते. पॅसेंजरमध्ये ती खिडकीशी बसली, उजवा हात पदराखाली. नागोठणं गेलं. निडीला गाडी थांबली तेव्हा बाहेर भाताच्या खाचरात बायका वाकून लावणी करत होत्या, पाण्यात कोपरापर्यंत हात. ती म्हणाली, "यांचा बरा. चिखल धुतला की हात दिसते." मग तिने विचारलं, "डोले नाय आखाला मिलाले तर मी काय करू गो?" माझ्याकडे बघून नाही, बाहेर बघून.

रोह्याच्या डॉक्टरांनी हात पालथा केला, उलटा केला, कोपराजवळची नस चाचपली, बोटं ताणायला लावली. म्हणाले, लवकर आलात. पहिली गोळी त्यांच्यासमोरच घ्यायला लावली. औषध नियमित घेतलं की रोग जाईल, आणि औषध सुरू झालं की तुमच्यापासून कोणाला लागायची भीती नाही. तिने विचारलं, करंगळीला कळायला कधी लागेल? डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, रोगाचं मी सांगू शकतो, करंगळीचं नाही. परत येईल, नाहीही येईल.

मग खरंच आमच्याकडे जेवलो. आईने वालाचं बिरडं केलं होतं. सुलभाताई दोनदा भात घेऊन जेवली. आईला सगळं सांगितलं होतं, आणि आईने तिला आमच्याच ताटांतलं एक ताट दिलं. ते मी बघितलं, सुलभाताईनेही बघितलं.

अशी गोष्ट लपत नसते. कशी फुटली कोणास ठाऊक, कोणीतरी रोह्याला बघितलं असेल. आठवड्याभरात फळ्याच्या रेघेखाली एक ओळ आली: 'एका कारखान्यात रक्तपितीची बाई गणपतीचे डोळे काढते. चौकशी व्हावी.' कोणाचं अक्षर ते मला माहीत होतं. आजही तो माणूस दिसतो, मी आजही त्याला नमस्कार करते. तात्या खाली आले, वाचलं, फडका हातात घेतला आणि परत ठेवला. मी म्हटलं, पुसा ना तात्या. ते म्हणाले, "आज हे पुसलं तर उद्या भिंतीवर लिहितील. तिथे माझा फडका पोचत नाही."

आमच्याकडे गणपती सांगायचा म्हणजे आपल्या घरचा पाट कारखान्यात नेऊन ठेवायचा. पाटावर खडूने नाव. मामाच्या शेडमध्ये भिंतीला टेकून पाटांची थप्पी असायची. दुसऱ्या दिवशी दोघं येऊन आपला पाट घेऊन गेले. कारण कोणी सांगितलं नाही. एक म्हणाला, ह्या वर्षी भाऊ आणणार आहे. मामाचा चेहरा बघवत नव्हता. मामा वाईट नव्हता, घाबरला होता. त्याने सुलभाताईला सांगितलं, एवढा मोसम घरी बस, नाहीतर मागे घासकामाला बस, समोर नको.

तिने कुंचला धुतला. केसांना बोटाने टोक आणून दिलं, डब्यात उभा ठेवला आणि निघाली. मला वाटलं एसटीला चालली. मी मागे मागे गेले. ती फळ्यापाशी थांबली. आधी सगळं वाचलं, प्रत्येक अक्षर पुटपुटत, चौथी शिकलेली बाई. मग लोंबकळणारा खडू धरला. वरून तात्या खिडकीतून बघत होते.

तिने लिहिलं: 'ती बाई मी. सुलभा. रोग हाय. औशद चालू हाय. औशद घेतल्यावर दुसऱ्याला लागत नाय असा डाक्टर बोलला. ज्याला बघायचा हाय त्यांनी कारखान्यात या.'

आणि सहीच्या जागी तिने एक डोळा काढला. भुवई एका दमात, खालची पापणी एका दमात, मधे बुबुळ. करंगळी टेकवली होती ती फळ्यावर, कोरड्या. खडूचा डोळा, पण बघत होता.

तात्यांनी त्या संध्याकाळी स्वतःचा नियम मोडला. फळा पुसलाच नाही. तो डोळा तीनचार दिवस स्टँडकडे बघत होता, मग वाऱ्याने पागोळी आत आली आणि ओघळून गेला.

लोक आले. येणारच, सांगितलं होतं ना. शेडच्या दारात छत्र्या मिटवून उभे. मामा एका कोपऱ्यात. सुलभाताई तिच्या जागेवर जाऊन बसली, मूर्ती समोर ओढली, करंगळी टेकवली आणि डोळे आखले. हात उचलला तर गालावर खळगा. सगळ्यांनी बघितला.

"ह्याच," ती म्हणाली. "ह्याच हाय रोग. अजून काय बघाला आलाव?"

पाट परत नेलेल्यांपैकी एकाची बायको आली होती, ती पुढे झाली. म्हणाली, "कुठं आहे तो चट्टा, जरा दाखव गो, कसा असतो ते." सुलभाताईने हात दाखवला. ती बाई हात धरून बघत राहिली, धरून, लांबून नाही. मग आपल्या दंडावरची बाही वर केली. आणि मग मी मागे वळून बघते तर आमचा नारायण नळावर. त्याच्यामागे आणखी दोघं. सगळे कोपर घासत होते. पांढरं पाणी मोरीतून वाहत होतं. नारायणाला एक चट्टा सापडला पण, त्याचं तोंड पडलं, तसाच सायकलवर दवाखान्यात गेला आणि संध्याकाळी जिलेबी घेऊन परत आला. गजकर्ण निघालं होतं. गजकर्ण झाल्याची जिलेबी वाटणारा माणूस मी तेवढा एकच बघितला.

पुढे तो सायकलवाला तात्यांना सांगत होता, दवाखान्यात लोक येतात आणि म्हणतात, फळा वाचून आलो. कोणी म्हणतात, डोळा बघून आलो.

एक पाट परत आला, एक आला नाही. मामाने सुलभाताईला जागेवरून उठवलं नाही. पण गालावर बोटं उमटत होती, ती कशी थांबवायची? मामा म्हणाला, मी दुरुस्त करत जाईन. तिला ते नको होतं. चारपाच दिवस ती नुसती मूर्तीसमोर बसून होती, शीळ नाही की काही नाही. मग तिने बांबूची एक छडी तासली, टोकाला चिंधीचा गोळा बांधला. ते टोक पाटावर, दुसरं डाव्या हातात, आणि छडीवर उजवं मनगट. मनगटाला कळत होतं. करंगळी हवेत. पहिल्या दिवशी भुवया वाकड्या आल्या. तिने पुसल्या. परत ओढल्या, परत पुसल्या. गणपती यायच्या सुमाराला एक दिवस दातांच्या फटीतून शीळ ऐकू आली, आणि मी घरातून उठून शेडमध्ये धावले.

तिचं औषध पूर्ण झालं. डॉक्टरांनी सांगितलं, गेला रोग. ती मला दर थोड्या दिवसांनी केळीखाली बसवायची, डोळे मिटायची, आणि मी कुंचल्याचे केस करंगळीला लावायचे. "लाव ना गो." "लावलाय." शेवटी शेवटी आम्हाला त्याचं हसू यायचं. पुढचा मोसम तिने छडीवर काढला. त्यानंतर मिठागरं कमी झाली, तिचा भाऊ गुजरातकडच्या मिठागरावर गेला, त्याच्याबरोबर तीही गेली. ती गेली तेव्हा मी रोह्याला परीक्षेला गेले होते. परत आले तर डब्यात तिचा कुंचला उभा, टोक आणलेला.

करंगळीला पुढे कळायला लागलं का, मला माहीत नाही. एवढं एकच मला विचारायचं असतं. त्या इंटरनेटवर मी त्या बाईंच्या खाली इंग्रजी अक्षरांत आमची सगळी गोष्ट टाकली, फटाफट, मावसभाऊ घड्याळ दाखवत होता. शेवटी लिहिलं, सुलभाताई, कोणी वाचून दाखवलं तर कळव. मला माहीत आहे ती कुठली वाचणार. पण फळ्याखाली जागा मोकळी असली की माझा हात जातोच.

आता फळाही तसा राहिला नाही. तात्यांना स्टुलावर चढवत नाही. रेघेखाली क्लासच्या जाहिराती चिकटवतात.

परवा मामाच्या शेडमध्ये गेले होते. डोळे आखायला एक नवीन मुलगी आली आहे, दादरची, मुंबईतली नव्हे, आपली खाडीवरची. नाव जागृती. गाल फुगवून काम करते. तिच्या हातात छडी होती, टोकाला चिंधीचा गोळा. बाजूच्या पोरीच्या हातात पण. मग लक्षात आलं, शेजारच्या कारखान्यातही येताना मी छड्याच बघितल्या होत्या. कुठल्याच गणपतीच्या गालाला आता कोणी करंगळी लावत नाही.

मी विचारलं, "ही छडी कशाला गो?"

"असंच असते," ती म्हणाली. "पयल्यापासून हाय."

"कोणी सांगितलं?"

"सगलेच करतात."

"नाय गो," मी म्हटलं, "पयल्यापासून नाय." आणि बसले तिच्या पाटाशेजारी. सांगायला लागले. मिठागर, गालावरचा उंदीर, केळीखालचा कुंचला, निडीची खाचरं, फळ्यावरचा डोळा. मी बोलायला लागले की कुठे थांबते? ती ऐकत होती, भुवई ओढत होती. मधे कधीतरी तिने छडी खाली ठेवली. मला वाटलं, कंटाळली.

वर बघितलं तर ती जागेवर नव्हती. नळावर उभी होती, काथ्याने उजवा हात घासत. कोपरापर्यंत. मग तो ओला हात तिने खिडकीच्या उजेडात धरला, पालथा केला, उलटा केला, आणि डोळे मिटून मला म्हणाली,

"ताई, तो कुंचला घेऊन या ना जरा."